कोपऱ्यातल्या खोलीचा सूर

आमच्या दादाला कोणी वेडा म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्याच्या तोंडावर कोणी म्हणत नाही, माझ्या तोंडावर म्हणायची तर कोणाची छातीच होत नाही. पण जिन्यात पोरं कुजबुजतात ते मला ऐकू येतं. या इमारतीत कुजबुज लपत नाही. का लपत नाही ते आधी सांगते, म्हणजे दादाचंही कळेल. विद्यापीठाच्या या संगीत विभागाचा इतिहास आणि दादाचं आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

हे पूर्वी विद्यापीठाचं धुलाईघर होतं. वसतिगृहांच्या चादरी, इस्पितळातले कपडे, सगळं इथे धुतलं जायचं. भिंतींना छातीपर्यंत पांढऱ्या फरशा, आणि प्रत्येक खोलीच्या मधोमध पाणी वाहून जायला लोखंडी जाळी. पुढे धुलाईचं काम बाहेर गेलं आणि इमारत ओस पडली. गणिताचे एक प्राध्यापक होते, त्यांना सगळे मोठे सर म्हणायचे. त्यांनी संगीत विभागासाठी कुलगुरूंच्या मागे असा काही भुंगा लावला की शेवटी कुलगुरू म्हणाले, "घ्या ते धुलाईघर आणि काय गायचं ते गा, पण माझ्या खिडकीखाली नको." झाला विभाग सुरू. उद्घाटनाला मोठी मोठी भाषणं झाली आणि सगळ्या पाहुण्यांच्या कपड्यांना घरी जाताना साबणाचा वास येत होता.

फरशांमुळे इथे आवाज घुमतो आणि जाळ्यांखालचे नळ एकमेकांना जोडलेले, त्यामुळे एका खोलीतलं गाणं तिसऱ्याच खोलीत जमिनीतून वर येतं. नवीन मुली पहिल्या आठवड्यात घाबरून माझ्याकडे पळत येतात. मी खोल्यांची व्यवस्था बघते. किल्ल्या, पडदे, खडू आणि रडारड, सगळं माझ्याकडे. मी त्यांना सांगते, "अगं, गटार आहे ते. भूत असतं तर सुरात गायलं असतं." मग हसतात आणि जातात.

दादा इथला पियानो ट्यूनर. आमचे वडील लाकडी खुर्च्या दुरुस्त करायचे, दादाने त्यांच्याकडून हात घेतला आणि कान कुठून आणला ते देव जाणे. माझा कान म्हणजे दगड. मोठ्या सरांनी त्याला जुने पियानो दुरुस्त करायला बोलावलं आणि तो इथेच राहिला. तारांच्या खुंट्या पिळायची एक किल्ली, एक लोकरीची पट्टी आणि पाठीला पोक, एवढी त्याची कमाई. बोलणं कमी. घरात मी दोघांचं बोलते.

गाणं शिकवायला मोठ्या सरांनी एक तरुण बाई नेमली. पहिल्याच दिवशी ती दादाला म्हणाली, "तुमची मधली तार चढी आहे." दादा म्हणाला, "तुमचा गळा उतरला असेल." दोघांनी एक अख्खी दुपार त्या एका तारेवर भांडण्यात घालवली आणि वर्ष उलटायच्या आत ती माझी वहिनी झाली. भांडून लग्न केलं आणि लग्नानंतर कधी भांडले नाहीत, असा उफराटा संसार. मी लग्न केलं नाही, त्यांच्याच घरी राहिले. वहिनी मला "वन्सं" म्हणायची आणि माझ्या कुरकुरीला चालीत बांधून गाऊन दाखवायची. नणंद-भावजयींचं पटत नाही म्हणतात. आमचं इतकं पटायचं की दादाला घरात कोणी विचारायचं नाही.

वहिनीची खोली पहिल्या मजल्यावरची, कोपऱ्यातली. तिथल्या पियानोचा इथे वेगळाच मान. सूर मोजायला लागतो तो पोलादी नादकाटा मोठ्या सरांनी भौतिकशास्त्रवाल्यांकडून उसना आणला होता, तो त्या लोकांनी पुढल्याच वर्षी भांडून परत नेला. तेव्हा मोठ्या सरांनी पद्धत घातली. रोज सकाळी सगळ्या खोल्यांची दारं उघडायची, कोपऱ्यातल्या पियानोवर एक सूर वाजवायचा आणि साऱ्या इमारतीने तो उचलायचा. सारंगी, व्हायोलिन, गळे, सगळे त्याच्याशी जुळवून घ्यायचे. बाकीचे पियानोही दादा त्याच्याशीच जुळवायचा. आमच्यापुरतं जगात तेवढंच घड्याळ.

दुसरी पद्धत जरा जहरी होती. विभागाचं एक गीत होतं, मोठ्या सरांनीच रचलेलं. शब्द अगदीच सुमार, पण शेवटी एक सूर उंच जायचा. तिथे सगळे थांबायचे आणि गाण्याच्या बाईंनी तो एकटीने लावायचा. दर वर्षी वर्धापनदिनाला. ज्या वर्षी तो लागणार नाही, त्या वर्षी कोपऱ्यातली खोली सोडून ती पुढच्या बाईला द्यायची. मोठे सर म्हणायचे, यात अपमान कसला, हे गणित आहे. गणितवाल्यांना गळा म्हातारा होतो हे कुठे ठाऊक असतं.

वहिनीने तो सूर वर्षानुवर्षं लावला. केस पांढरे झाले, गुडघे गेले, जिन्यात दोनदा थांबावं लागायचं, पण वर्धापनदिनाला तो सूर असा लागायचा की लोक माना डोलवायचे. "माझं सगळं गेलं, वन्सं," ती म्हणायची, "पण हा नाही गेला." मला तिचा अभिमान वाटायचा.

मग एका वर्षी बासरीवाले सर राजीनामा देऊन गेले. बिचारे फार सज्जन. त्यांचं म्हणणं, त्यांची बासरी रोज थोडी थोडी चढी वाजते. त्यांनी बासरी बदलली. फुंकण्याची ढब बदलली. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन मळ काढून आले. शेवटी माझ्यासमोर डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "बाई, माझा कान गेला. मुलांना काय शिकवू?" आणि गेले.

मी घरी येऊन दादाला हे सांगितलं. वहिनी आत झोपली होती. दादा हातातला कप फिरवत म्हणाला, "त्यांचा कान ठीक आहे, छोटे. बासरीची लांबी ठरलेली असते, तिला खाली येता येत नाही. बाकी सगळे खाली आलेत."

मला काही उमगेना. तेव्हा त्याने सांगितलं. वहिनीचा गळा उतरायला लागला हे त्याला तिच्याआधी कळलं होतं. तेव्हापासून दर मोसमात तो कोपऱ्यातला पियानो केसभर खाली आणत होता. मग बाकीचे पियानो त्याच्याशी जुळवायचे. सकाळी सगळी इमारत तो सूर उचलायची, म्हणून फरक कोणाला कळायचाच नाही. सगळं गाव एकदम बुटकं झालं तर कोण कोणाला बुटका म्हणणार? वहिनी तोच सूर लावते आहे असं तिला वाटत होतं. सूरच तिच्याकडे उतरून येत होता.

"आणि बासरीवाले?" मी विचारलं.

"त्यांचं वाईट वाटतं," दादा म्हणाला. "पण तिला कळता कामा नये."

मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. पण वहिनीला सांगितलं नाही. सांगायची माझीही छाती झाली नाही.

वहिनी हिवाळ्यात गेली. फार हाल न होता, बोलता बोलता. तिला शेवटपर्यंत कळलं नाही. दादा रडला नाही. दुसऱ्या आठवड्यात किल्ली घेऊन कामावर हजर. लोक म्हणाले, बरं झालं, माणूस कामात राहिला की सावरतो. मीही तसंच म्हटलं. कोपऱ्यातल्या खोलीत नवीन बाई आली नाही, मुलींना ती खोली गार लागते म्हणून वर्गही बंद झाले. फक्त सकाळचा सूर तेवढा तिथून यायचा.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत इमारत रिकामी होते. एकदा दादाला चहाला हाक मारायला मी वर गेले. दार अर्धं उघडं होतं. दादा पियानोसमोर बसला होता, दोन्ही हात मांडीवर, एक पाय पेडलवर. पेडल दाबून ठेवलं की आतल्या तारा मोकळ्या होतात, आणि खोलीत कोणी गायलं की त्या आपोआप तो सूर धरून गुणगुणतात. हे मला माहीत होतं, वहिनी मुलींना ते करून दाखवायची. आत्ताही तारा गुणगुणत होत्या. मला वाटलं, दादा गुणगुणतोय. मी जवळ गेले. दादाचं तोंड मिटलेलं होतं.

गटार, मी मनात म्हटलं. खाली कोणीतरी गात असेल. मी खाली जाऊन सगळ्या खोल्या पाहिल्या. कोणी नव्हतं. परत वर आले तर दादा उठून उभा होता आणि किल्लीने खुंट्या उतरवत होता, हलक्या हाताने, एकेक.

"काय करतोस?"

"जड जातंय तिला."

"कोणाला?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मूर्ख मीच. "वय वाढतंय ना तिचं," तो म्हणाला.

  दुसऱ्या दिवशी मी जुन्या पडद्याचा बोळा करून त्या खोलीच्या जाळीत घट्ट कोंबला, वर लाकडी फळी ठेवली आणि फळीवर स्वतः उभी राहिले. दादाने पेडल दाबलं. थोडा वेळ काहीच नाही. मग तारा बोलल्या. माझ्या पायाखाली काही हललं नाही, खिडकी बंद होती, आणि त्या काळ्या पेटीतून वहिनी गायची त्या गीताची शेवटची ओळ येत होती. शब्द नव्हते, नुसते सूर. वर जाताना ती जरा थांबली, जिन्यात थांबायची तशी. मी फळीवरून उतरले आणि तडक घरी गेले.

पण माणसाला कशाचीही सवय होते. मलाही झाली. मी म्हटलं, म्हातारा रोज दुपारी बायकोला भेटतो, कोणाचं काय जातंय? असं बरीच वर्षं चाललं. दादा उतरवत गेला आणि सूर खाली जात राहिला. नवीन पोरींची गाणी घोगरी वाटायला लागली, सारंगीच्या तारा सैल पडून खरखरायला लागल्या. सकाळी सगळी दारं उघडून सगळे तो सूर उचलायचे तेव्हा इमारतीतून येणारा आवाज आजारी माणसाच्या कण्हण्यासारखा वाटायचा. समोरच्या वाचनालयातल्या लोकांनी त्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या. आम्हाला मात्र काही जाणवत नव्हतं. आम्ही आतले.

मग नव्या मॅडम विभागप्रमुख झाल्या. आमच्याच जुन्या विद्यार्थिनी, वहिनीच्या हाताखाली शिकलेल्या. बाहेर गेल्यावर प्रत्येक ठिकाणी त्यांना लोक हसले होते, तुमच्या शाळेचा सूर तळघरात राहतो म्हणून. पहिल्याच सकाळी त्यांनी सूर मोजायचं ॲप लावून कोपऱ्यातल्या पियानोवर मोबाईल ठेवला, सूर वाजवला आणि मोबाईलकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

त्या चढ्या आवाजात बोलल्या नाहीत, हे कबूल करायला हवं. दादाला खुर्ची दिली. म्हणाल्या, "काका, विभागाचा मोठा समारंभ आहे. बाहेरचे वादक येणार आहेत. त्यांच्या बासऱ्या, सनया आपल्या सुराला येऊच शकत नाहीत. सगळे पियानो वर आणायला हवेत. तुम्ही कराल ना?"

दादा म्हणाला, "कोपऱ्यातला सोडून."

"काका, सकाळचा सूर तिथूनच येतो."

"मग तो सूर दुसरीकडून घ्या."

"तो पियानो तुमच्याकडून होत नसेल तर मी बाहेरून माणूस आणते," मॅडम म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, पण म्हणाल्या.

दादा घरी येऊन ताटावर नुसता बसून राहिला. मी म्हटलं, "अरे, चढवून टाक. ती गेली, दादा. तिला आता कसला वर्धापनदिन आणि कसली खोली."

"तिला कळेल," तो म्हणाला. "ती वर जाईल आणि पोचणार नाही. इतकी वर्षं मी तिला पोचवली, छोटे. आता मेल्यावर तिला कळेल की गळा केव्हाच गेला होता."  त्याच्याकडे बघून मला मॅडमचा, मोठ्या सरांचा आणि त्या भिकार गीताचा इतका राग आला की मी ताट उचलून मोरीत आपटलं.

शेवटी त्यानेच केलं. बाहेरचा माणूस एकदम चढवेल आणि जुन्या तारा तोडेल, म्हणाला, त्यापेक्षा मी. थोडं थोडं चढवायचं, तारांना बसू द्यायचं, परत पहिल्यापासून. बाकीचे पियानो आधी झाले. कोपऱ्यातला त्याने शेवटी ठेवला, आणि तो चढवताना एकदाही पेडल दाबलं नाही. ज्या दिवशी मोबाईलने हिरवा दिवा दाखवला त्या दिवशी मॅडमनी त्याचे हात हातात घेतले. दादा म्हणाला, "दुपारी मला खोली द्या."

मला त्याने बरोबर नेलं. एकट्याची हिंमत नव्हती. दार लावलं, तो बसला, आणि पेडल दाबून तिथे लाकडाची पाचर ठोकली, कारण पाय आता फार वेळ टिकत नव्हता. बराच वेळ काही आलं नाही. मग आलं. पण तो सूर दोन तारांच्या मधे पडत होता, इकडे नाही की तिकडे नाही, आणि दोन्ही तारा चिरक्या थरथरत होत्या. आवाज ओळीच्या शेवटाकडे चढायला लागला, अडला, फुटला. परत पहिल्यापासून आला. परत फुटला. माझ्या दगडी कानालाही ते ऐकवेना. म्हातारी बाई लोकांसमोर धडपडते आणि कोणी हात देत नाही, तसं वाटत होतं.

दादाने पियानोच्या कडेवर कपाळ टेकवलं आणि घरात बोलायचा त्या आवाजात बोलला. "अगं, थांब. तुझं चुकत नाहीये. मीच खाली आणत होतो. पहिल्यापासून मीच. आता त्यांनी वर नेला. थांब, दमशील."

तारा थांबल्या. एकदम, कोणी वर हात ठेवावा तशा. दादा वाट बघत राहिला, पण परत काही आलं नाही. वहिनी गेली तेव्हा जे रडला नव्हता ते सगळं तो त्या दुपारी रडला. मी त्याला उठवून जिन्यापर्यंत आणलं, धरून खाली पाठवलं आणि पाचर काढायला परत वर आले.

मी दार उघडलं आणि ती गात होती.

नव्या सुरात. मधे कुठे अडकणं नाही, चिरकणं नाही. ओळ वर गेली आणि शेवटचा सूर लागला, मी पहिल्या वर्धापनदिनाला ऐकला होता तसा, तरुण. मला माझ्या कानाचा भरवसा नाही म्हणून मी पुढे होऊन त्या सुराची पट्टी स्वतः दाबली. तोच सूर. तंतोतंत. मी बोट काढलं तरी तो चालूच राहिला.

तेव्हा मला कळलं. मेलेल्या माणसाचं वय वाढत नाही. गेल्यापासून तिला तो सूर कधी जड गेलाच नव्हता. दादा म्हातारा होत होता, दर मोसमात थोडा खाली येत होता, आणि ती त्याच्याबरोबर उतरत होती, कारण तो तिची तिथे वाट बघायचा. आज त्यानेच तिला थांब म्हटलं, आणि ती खाली उतरायची थांबली.

मी पाचर काढली, खोलीला कुलूप लावलं. घरी दादा ताटावर बसला होता, पण जेवत नव्हता.

"मी निघून आल्यावर काही आलं का गं?"

"नाही."

"रागावली असेल?"

"नाही रे. दमली असेल."

त्याने भात कालवला. मग म्हणाला, "हो. वय झालं तिचं." आणि घास घेतला. "उद्या जाऊन बघू?"

"कशाला," मी म्हटलं. "झोपू दे तिला."

त्या खोलीची किल्ली तो अजून मागतो. मी देत नाही.